रिसबुडांचं एक वाक्य आणि जंगलातलं बोरन्हाण

प्रभाकर रिसबुडांना आपल्या बायकोला एक वाक्य सांगायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बायको घरात, हेही घरात, तोंडात जीभ शाबूत आहे, सांगून टाका की! पण तुम्ही डोंबिवली पूर्वेला समोरासमोर दारं असलेल्या सोसायटीत राहून बघा आणि मग मला शिकवा. दूधवाल्यासाठी उघडलेलं दार रात्रीच्या बातम्या संपल्यावरच लागतं. मधल्या वेळात घरात कोण येऊन बसलेलं नसतं, ते विचारा.

तर वाक्य. हेमा पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी बंगळूरला निघाली होती. लेकीच्या, म्हणजे आसावरीच्या बाळंतपणाला, चांगली सहा महिन्यांसाठी. आणि रिसबुडांना सांगायचं होतं की बाई गं, तू गेलीस की मला इथे करमायचं नाही. बस्स, एवढंच. पण सगळी हयात विमा कचेरीत 'आपणांस कळविण्यात येते की' असं लिहिण्यात गेली. बायकोला काय कळवायचं असतं आणि त्याची सुरुवात कशी करतात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यातून त्यांनी स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. दिवाळीच्या फराळाला सगळा मजला घरात असताना हेमानं बंगळूरचा विषय काढला, तेव्हा हे गृहस्थ चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "जा की! मला काय होतंय? उलट सहा महिने सुटका!" सगळे खो खो हसले. हेमासुद्धा हसली. जरा कमी हसली, पण हसली. तेव्हापासून ते दुसरं, खरं वाक्य रिसबुडांच्या घशात अडकून बसलं होतं.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा स्वयंपाकघरात ती डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती, 'साखर', 'मीठ', 'हे मीठ नाही, पापडखार'. नवऱ्याच्या बुद्धीवर तिचा एवढा विश्वास! रिसबूड खाकरून म्हणाले, "हेमा, तू गेलीस ना, की..."

"गेले की रंगूबाईंना रोज भांडी मोजून द्या. मागच्या वेळी दोन वाट्या कमी निघाल्या."

"मला ऐकू येतंय हां ताई," मोरीतून रंगूबाईंचा आवाज आला. संपलं! वाट्यांवरून जे रामायण सुरू झालं, त्यात रिसबूड आणि त्यांचं वाक्य दोघंही गॅलरीत जाऊन उभे राहिले.

अशात पेपरात एक बातमी आली. ठाण्याच्या पुढे जंगलात एक पायवाट लोकांसाठी खुली केली आहे, वाटेत जुना पडका बुरूज आहे, थंडीत पक्षी आणि प्राणी दिसतात, आणि तिथे बोलायला मनाई आहे. बोलायला मनाई! रिसबुडांना इतका आनंद झाला की त्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तिथेच विरघळलं तरी त्यांना कळलं नाही. जिथे कुणी बोलणार नाही तिथे आपल्याला बोलता येईल, असा त्यांचा साधा हिशेब.

"शनिवारी सकाळी आपण दोघं जंगलात जाऊ," ते हेमाला म्हणाले.

हेमानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "बीपीची गोळी घेतलीत ना?"

परवानगी काढायला ते स्वतः वनखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या माणसानं भेटीचा हेतू विचारला.

"शांतता," रिसबूड म्हणाले.

"तसं नाहीये यात. पक्षीनिरीक्षण, शैक्षणिक सहल, नाहीतर चित्रीकरण. काय टाकू?"

रिसबुडांनी विचार केला. शैक्षणिक म्हणावं तर वय आडवं येत होतं आणि चित्रीकरण म्हणावं तर चेहरा. शेवटी पक्षीनिरीक्षण टाकलं. कावळा आणि कबुतर यांच्यातला फरक ते छातीठोकपणे सांगू शकत होते.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घात केला बुटांनी. जंगलात कुठले बूट घालावेत, हे विचारायला रिसबूड वरच्या मजल्यावरच्या सौमित्र पेठेकडे गेले. सौमित्र दर पावसाळ्यात गडकिल्ले चढतो आणि उरलेलं वर्ष त्याचे फोटो दाखवतो. "कुणाला बोलू नकोस रे," असं रिसबूड दोनदा म्हणाले. "काका, टेन्शनच घेऊ नका," सौमित्र म्हणाला, आणि रिसबूड जिना उतरून घरात पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो झळकला: 'आपले रिसबूड काका-काकू शनिवारी जंगल ट्रेकला! रिस्पेक्ट!' खाली एकावन्न अंगठे. सोसायटीत बिऱ्हाडं तीस.

पाठोपाठ समोरच्या मंदाकिनीबाई गांगल आत आल्या. दार वाजवायची पद्धत आमच्याकडे नाही. मंदाकिनीबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना एखादी गोष्ट कळली की ती मानपाडा रस्त्यापर्यंत कळली असं समजायचं.

"भाऊजी, देवासारखे धावून आलात!" त्या म्हणाल्या. "शनिवारी आमचं हळदीकुंकू. आणि सौमित्रच्या नीलचं बोरन्हाण. गच्चीवर करणार होतो, तर तिथे वॉटरप्रूफिंगचं डांबर ओतून ठेवलंय मेल्यांनी. मी काल हेमाला म्हटलंसुद्धा, आता कुठे करायचं गं? आणि तुम्ही जंगल शोधून काढलंत! सगळेच येतो. बसचं मी बघते."

"अहो पण तिथे बोलायचं नसतं..."

"आम्ही कुठे बोलतो?" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ बोलल्या.

रिसबुडांनी मोठ्या आशेनं हेमाकडे बघितलं. पण हेमा हळदीकुंकवाची खजिनदार. तिला सोडून ते व्हायचं नाही आणि त्यांना सोडून ती यायची नाही. "चालेल की," ती म्हणाली, "सगळे मिळून मजा येईल." रिसबूड परवानगीचा कागद शोधायला लागले.

परत खिडकी. आता हा 'गट' झाला होता आणि गटाला प्रमुख लागतो. रिसबूड प्रमुख झाले आणि 'गटातील सर्व सदस्य संपूर्ण शांतता राखतील याची मी व्यक्तिशः हमी देत आहे' याखाली त्यांनी सही केली. सगळ्या नोकरीत त्यांनी एकही खोटा दावा पास केला नव्हता. हा पहिलाच.

पुढचे दिवस सल्ल्यांत गेले. डोंबिवलीत जरा पंख्याचा वेग कमी करायची वेळ आली की लोक माकडटोप्या काढतात, मग जंगलातल्या थंडीचं काय विचारता! तळमजल्यावरचे एकजण छातीला कापूर चोळून जा म्हणाले. दुसरे म्हणाले, अजिबात नको, वासानं बिबट्या येतो. झालं, बिबट्याचा विषय निघाला. बिबट्या समोर आला तर त्याच्या डोळ्यांत बघायचं की नाही, यावर ग्रुपवर दोन तट पडले आणि एका तटातले दोघं ग्रुप सोडून गेले. "शाकाहारी माणसाला तो काही करत नाही, त्याला कळतं," असा निर्वाळा मंदाकिनीबाईंनी दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं त्या आठवड्यात मासे आणले नाहीत.

शनिवारी पहाटे बस भरली. वाणाच्या पिशव्या, तिळगुळाचे डबे, बोरं, चुरमुरे, सतरंज्या आणि खिचडीचं पातेलं. पातेल्याला खिडकीजवळची जागा मिळाली आणि रिसबुडांना चाकावरची. हेमा पुढे, हिशेबाला, मंदाकिनीबाईंच्या शेजारी. कल्याण फाटा येईपर्यंत भेंड्यांना ऊत आला आणि मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या टेम्पोवाल्यानं 'ण' वरून गाणं सुचवलं.

जंगलाच्या फाटकाशी वनरक्षक उत्तम भोईर उभे होते. मफलर गुंडाळलेले, पोट सुटलेले, आणि आयुष्यात खूप सहली बघितलेले. बसमधून एकेक जण उतरायला लागला तसे ते बघतच राहिले. संक्रांतीचे दिवस, त्यामुळे समस्त बायका काळ्या साड्यांत, पुरुष काळ्या कुडत्यांत, आणि नील काळ्या झबल्यात.

"गडद कपडे घाला सांगितलेलं," भोईर म्हणाले, "पन तुमी तर निषेध मोर्चा घेऊन आलाव. गटप्रमुख कोन?"

रिसबुडांनी हात वर केला.

"काका, तीन गोष्टी. आवाज नाय, कचरा नाय, जनावरांना खायला घालायचं नाय."

"छे हो, जनावरांना कशाला घालू?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आम्ही फक्त बाळाच्या डोक्यावर बोरं ओतणार."

भोईरांनी डोळे मिटले. "ताई, आमच्या पोरांचं पन झालंय बोरन्हाण. पन घरात झालं."

"तुमच्या घराच्या गच्चीत डांबर नव्हतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. लाडू तोंडात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. भोईरांची मान हलली ती होकारार्थी होती की लाडू कडक होता, याचा उलगडा पुढे झाला नाही.

आणि खरं सांगतो, वाट फार सुंदर होती. सागाची पानं पडलेली, धुक्यातून कोवळं ऊन उतरत होतं. एक मोर आरामात वाट ओलांडून गेला, तेवढ्यापुरते सगळे गप्प झाले. रिसबुडांनी संधी साधली. पावलं मुद्दाम हळू टाकून त्यांनी हेमाला मागे गाठलं. बाकीचे वळणाआड गेले. पायाखालचा पाचोळा तेवढा वाजत होता.

"हेमा," ते म्हणाले.

"अं?"

"आपणांस... म्हणजे तुला..."

"हेमाऽऽ! कुंकवाचा करंडा कुणाकडे गं?" वळणाआडून हाक आली. मोर उडाला आणि हेमाही गेली.

बुरुजापाशी आणखी एक प्रयत्न झाला. बुरूज म्हणजे अर्धी पडलेली गोल भिंत, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेली, आणि समोर दगडी चौथरा. खाली घोडबंदरच्या खाडीची रेघ चमकत होती. मंडळी भारावली. हे पोर्तुगीजांनी बांधलं की मराठ्यांनी, यावर तिथल्या तिथे परिसंवाद झाला. तळमजल्यावरचे कापूरवाले भिंतीची लांबी चालून मोजत म्हणाले, "कुणी का बांधेना, खाडीचा व्ह्यू, तिन्ही बाजूंनी मोकळं! ठाण्यात आज अशी जागा मिळेल का? फक्त लिफ्ट नाही." या गडबडीत रिसबुडांनी हेमाला हाताला धरून भिंतीमागे नेलं.

"अहो, काय चाललंय तुमचं सकाळपासून?" हेमा हसायला लागली. "हात काय धरताय?"

रिसबुडांचे कान लाल झाले. त्या वयाला माणूस बायकोचा हात डॉक्टरकडच्या जिन्यावर धरतो, बुरुजामागे नाही. तरी त्यांनी सोडला नाही. "ऐक ना, बुधवारी तू..." एवढ्यात भिंतीच्या खिंडारातून सौमित्र डोकावला. "काका, परफेक्ट लाइट आहे! तसेच राहा, असेच हात धरून!" आणि त्याच्या मागून आख्खी सोसायटी फोटोला येऊन उभी राहिली. त्या फोटोत सगळे हसताहेत. रिसबूडही दात दाखवताहेत, पण त्याला हसणं म्हणता येणार नाही.

मग बोरन्हाण. चौथऱ्यावर सतरंजी घातली. सौमित्रची बायको कृतिका हिनं नीलला हलव्याचे दागिने घातले. मुकुट, माळ, बाजूबंद, हातात हलव्याची मुरली. साखरेचा बाळकृष्णच! बायकांनी ओवाळलं आणि मग बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांचा डोक्यावरून पाऊस पाडला. नील टाळ्या पिटत होता. "गोळा करा रे, गोळा करा!" मंदाकिनीबाई ओरडल्या. पोरांना उद्देशून.

वडावरून पहिलं माकड उतरलं. त्याच्यामागे त्याची सोसायटी.

त्यांना कुणी आमंत्रण दिलं होतं असं नाही, पण ती वागली मात्र आमंत्रितांसारखी. एकीनं पोराला पोटाशी धरून बोरं वेचली. दोघांनी उसाचे करवे पळवले. एका दांडग्या हुप्प्यानं नीलसमोर बसून त्याला नीट न्याहाळलं, अलगद त्याचा मुकुट उचलला, मग माळही काढून घेतली, आणि बुरुजावर चढून ती गळ्यात घालून एकेक दाणा खाऊ लागला. नीलला याहून मोठा आनंद जन्मात झाला नव्हता. कृतिका किंचाळत त्याला उचलून पळाली, सौमित्र ट्रेकिंगची काठी उघडायला गेला तर ती उघडेना, आणि मंदाकिनीबाई कमरेला पदर खोचून हुप्प्याला दरडावू लागल्या, "अरे मेल्या, आठवडाभर शेगडीपाशी बसून केलाय तो हलवा!" वाणाच्या पिशव्या फाटल्या. चहाच्या गाळण्या वाटायच्या होत्या, त्या वाटल्या गेल्या. एक माकडीण गाळणी तोंडासमोर धरून आरपार बघत होती. खिचडीच्या पातेल्यावर कापूरवाले पालथे पडून त्याचं रक्षण करत होते. "आवाज नाय! आवाज नाय!" असं सगळ्यांत मोठ्यानं भोईर ओरडत होते.

या सगळ्यात रिसबूड चौथऱ्याच्या कडेला उभे होते. शांततेची व्यक्तिशः हमी दिलेला माणूस. चौथऱ्याच्या पलीकडे, पडक्या भिंतीच्या दगडावर हेमा उभी होती. करंडा उराशी धरलेला, अंबाडा सुटलेला, आणि ती पोट धरधरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसताना तिला बघून रिसबुडांना एकदम गलबलून आलं. बुधवारी ही जाणार. मग घरी उरणार 'हे मीठ नाही' लिहिलेला डबा. त्यांना वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"हेमा!" त्यांनी हाक मारली.

"काऽय?" ती कानाला हात लावून ओरडली.

"मला सांगायचंय!"

"ऐकू येत नाही! मोठ्यानं!"

मध्ये दोन माकडं, एक पातेलं आणि बत्तीस माणसं. रिसबुडांनी छाती भरून श्वास घेतला. नेमकं त्याच क्षणी खालच्या झाडीतून कुत्रा भुंकावा तसा एक चमत्कारिक आवाज आला. भोईरांनी झटकन हात वर केला. "भेकर ओरडलं! बिबट्या फिरतोय. कुनी हलू नका!" माकडं वडाच्या शेंड्यावर आणि सोसायटी जागच्या जागी. चिडीचूप. पान हलेना. आणि त्या शांततेत रिसबुडांचा भरलेला श्वास सुटला:

"मला तुझ्याशिवाय करमत नाही गंऽऽ!"

बुरुजानं ते शब्द झेलले आणि परत पाठवले. "...मत नाही गंऽऽ." खाडीकडून आणखी एकदा आले, जरा बारीक होऊन.

कुणी हललं नाही. भोईरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. सगळ्यांच्या माना एकदा रिसबुडांकडे वळल्या आणि मग हेमाकडे. रिसबुडांना वाटलं, बिबट्यानं यावं आणि आपल्याला घेऊन जावं. डोळ्यांत बघायची वगैरे काही अट नाही. कृतिकाच्या खांद्यावरून मागे बघणारा नील तेवढ्यात बोट दाखवून "माऊ! माऊ!" म्हणाला. मागे वळून बघायला कुणाला सवड नव्हती. भोईरसुद्धा हळूच म्हणाले, "काकी, काय ते सांगा की."

हेमा दगडावरून उतरली. हसू थांबलं होतं, डोळ्यांतलं पाणी मात्र तसंच होतं. ती रिसबुडांसमोर येऊन उभी राहिली. "अहो," ती कुजबुजली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना लख्ख ऐकू गेलं, "बुधवारची दोन तिकिटं आहेत."

"दोन?"

"दिवाळीतच काढली. आसावरी म्हणाली, बाबा येतील ना गं? म्हटलं, येतील, पण आधी त्यांच्या तोंडून येऊ दे. रोज वाट बघत होते, डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायचं सोंग करत. नसतंच बोललात, तर बुधवारी हाताला धरून गाडीत चढवणार होते. सुटका म्हणे!"

"मग माझी बॅग...?"

"माझ्याकडे आहे!" मंदाकिनीबाई मागून म्हणाल्या. "भरून ठेवलीय, दिवाणाखाली. दोन महिने झाले. एका शब्दानं कुणाला बोलले नाही हो भाऊजी! मला काय काय त्रास झाला ते माझं मला माहीत!" आणि बाईंनी सगळ्यांदेखत डोळ्यांना पदर लावला.

रिसबूड नुसते मान हलवत राहिले आणि चष्मा काढून काळ्या कुडत्याला पुसत राहिले.

"इतकं जंगलात आणलंत," हेमा म्हणाली, "तर परत एकदा म्हणा. मगाशी माकडांमुळे मला नीट ऐकू नाही आलं."

बत्तीस माणसांनी श्वास रोखून धरले. कापूरवाले पातेल्यावरून अर्धवट उठले. रिसबुडांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि परत म्हणाले, हेमाच्या अगदी कानाशी, इतकं हळू की शेजारच्या वडालासुद्धा पत्ता लागला नाही. आणि पहिल्यापेक्षा ते चांगलंच लांबलं.

"काय म्हणाले?" मंदाकिनीबाई पुढे सरकल्या. "हेमा, काय म्हणाले गं?"

हेमानं अंबाडा सारखा केला, करंडा काखेत मारला आणि नवऱ्याचा हात धरून वाटेला लागली.

"अगं, सांग की! काय म्हणाले?"